काही चोरीस गेले नाही

कुरुंदा सोडलं त्या सकाळी सासूबाई भांड्यांच्या पोत्याकडे बघून म्हणाल्या, "काहून येवढं घेऊन राहिलीस? आठ दिसांचं तर काम हाय."

आठ दिवसांवर माझा विश्वास नव्हता. माहेरची सगळी तांब्या-पितळेची भांडी मी पोत्यात भरली होती: घागर, परात, पातेली, ताटं. प्रत्येकावर माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता. रझाकारांच्या धास्तीनं अर्धी आळी रिकामी झाली होती. माझे यजमान महिनाभर आधीच पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात जाऊन एका कापसाच्या जिनात कारकून झाले होते. सासू-सासरे जमीन सोडून हलायला तयार नव्हते. राहिलो मी आणि पाच वर्षांची कमल.

तुम्हा कुरुंदेकरांपैकी जे मागे राहिले त्यांनी आम्हाला वेशीपर्यंत पोचवलं, आणि जे माझ्यामागून आले त्यांनी तोच रस्ता पाहिला. म्हणून रस्त्याचं लिहीत नाही. गाडीवानाचं लिहिते.

दादामियाँ आपल्याच गावचा पिंजारी. गाद्या भरायचा, एरवी भाड्यानं गाडी हाकायचा. वारंग्याच्या फाट्यावर बंदूकवाल्या रझाकारांनी गाडी अडवली तेव्हा तो खाली उतरून म्हणाला, "बहन है मेरी. ससुराल छोडने जा रहा हूँ." त्यांनी एकदा त्याच्या दाढीकडे पाहिलं नि गाडी सोडली. बरंच पुढे आल्यावर तो म्हणाला, "वैनी, आता दिवाळीला वोवाळणी टाकावी लागन मला. महागात पडलं हे नातं!"

नदी ओलांडून दुपारी पलीकडच्या गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. मी अजून तिथंच राहते आणि तिथल्या पोलीस ठाण्यावरूनच बाजाराला जाते. यजमान संध्याकाळी जिनातून सुटणार होते, म्हणून धर्मशाळेत थांबलो. बैल तहानले होते. दादामियाँ म्हणाला, "तुमी पाणी घेऊन या, मी सामानापाशी थांबतो. मग बैल नेतो." मला उगाच घाई. म्हटलं, तुम्ही बैल नदीवर न्या, आम्ही आत्ता येतो. सामान धर्मशाळेत तसंच ठेवून मी कमलला घेऊन विहिरीवर गेले. परत आले तर पोतं नाही.

मी तशीच ठाण्यात गेले. जमादारानं पहिलं विचारलं, "चोरी नदीच्या या बाजूची का निजामाच्या मोगलाईतली? तिकडची आम्ही लिहीत नाही." या बाजूची म्हटल्यावर त्यानं एकेक भांडं लिहून घेतलं. मग म्हणाला, "संगं कोण होतं?"

"गाडीवान. दादामियाँ, आमच्या गावचा पिंजारी."

नाव ऐकून त्याचा टाक थांबला. "मंग चोर शोधायला जायचं कशाला, बाई? तुमी तर घेऊनच आल्या की!"

मी सांगायचं ते सगळं सांगितलं, फाट्यावरचंसुद्धा. पण मी विहिरीवर होते तेव्हा तो एकटा कुठं होता, याला माझ्याकडे साक्षीदार नव्हता. बैल साक्ष देत नाहीत. दादामियाँला आत घातलं. गजाआडून तो एवढंच म्हणाला, "वैनी, बैलांना कडबा टाकजा."

यजमान आल्यावर म्हणाले, दोन दिवसांत सोडतील. मला ते पटलं नाही. मोगलाईतून पळून आलेल्यांनी ते गाव भरलं होतं, प्रत्येकाच्या डोक्यात राग होता, आणि ठाण्याबाहेर माणसं जमायला लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाणेदारापुढे उभी राहिले.

"तक्रार मागे घ्यायची आहे."

"तशी मागे घेता येत नाही. चोरी झाली, तर चोर पाहिजे."

"मग चोरी झालीच नाही. भांडी घरीच राहिली. माझ्या ध्यानात नव्हतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "घागर, परात, सगळंच घरी राहिलं?"

"सगळंच."

"लिहून द्या." मी लिहून दिलं: काही चोरीस गेले नाही. खाली सही केली. जमादार मागून पुटपुटला, "बायकांची रपट घ्यावीच कशाला!"

दादामियाँ बाहेर आला तो संकोचून. "आता तुमच्या सासूबाईला तोंड काय दाखवू मी?"

"आधी बैल जुंपा," मी म्हटलं. "उजेड आहे तोवर नदी पार करा."

तो पोचला. पावसाळा सरता सरता हिंदुस्थानचं सैन्य आलं, निजाम पडला आणि वारं मुसलमानांवर उलटलं, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी त्याला महिनाभर आपल्या गोठ्यात लपवून ठेवलं, हे तुम्हाला माहीत आहे.

पंधरा दिवसांनी जमादारानं मला बोलावलं. भलत्याच चोरीच्या तपासात एका भंगारवाल्याकडे पोतं सापडलं होतं. माझी भांडी ओसरीवर मांडलेली होती. त्यानं पातेलं उचलून नावावर बोट ठेवलं. "हे कोणाचं नाव, वाचा बरं."

'माझ्या वडिलांचं' म्हटलं असतं तर चोरी खरी ठरली असती, आणि चोर म्हणून कागदावर नाव एकट्या गाडीवानाचंच होतं.

"मला वाचता येत नाही."

"त्या दिशी तर लिहून दिलं!"

"तेवढंच येतं."

तो हसला. त्याला सगळं कळलं होतं, आणि मलाही ते कळलं. पण त्यानं पातेलं परत रांगेत ठेवलं. बेवारस म्हणून भांड्यांचा लिलाव झाला. मी बाजारातून दोन जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनची, पातेली आणली आणि संसार मांडला.

आठ दिवसांची किती वर्षं झाली ते मोजत नाही. कुरुंद्याला आले की तिसऱ्या दिवशी इकडची ओढ लागते, आणि इकडे असले की तिकडची. पाय कुठंच ठरत नाही. घर कोणतं म्हणून विचारलंत तर गेल्या महिन्यातलं एक सांगते. शेजारच्या शेवंताबाई पहिल्यांदाच आमरस घेऊन आल्या. पातेलं बघितलं आणि मी दाराशीच थांबले. त्या म्हणाल्या, "लिलावात घेतलं होतं ठाण्यातून. कोण्या मोगलाईतल्या बाप्याचं नाव हाय त्याच्यावर. पण जड हाय बरं, आता असं मिळत न्हाई."

"चांगलं आहे," मी म्हटलं.

आमरस खाल्ला. पातेलं राखेनं घासलं, वडिलांच्या नावातली राख काडीनं काढली. शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून तुम्ही कुरुंद्याहून धाडलेली हळद त्यात भरली आणि त्यांच्या दारात नेऊन दिलं.