आधी कल्ला उघडावा

मी एकदा बायकोला न विचारता पापलेट आणलं. चांदीसारखं चकाकत होतं. बोईसरच्या बाजारात विकणारा "साहब, एकदम ताजा" म्हणाला, आणि मला साहेब म्हणणारा माणूस खोटं कशाला बोलेल, अशी माझी समजूत. घरी पिशवी उघडली तेव्हा शेजारच्यांची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला.

नेमकी तेव्हाच आमची नेहमीची मासळीवाली मावशी पाटी घेऊन दारात. तिनं बोटानं माशाच्या गालावरचा कल्ला उचलला, आत लाल असायचं ते काळं पडलेलं पाहिलं आणि म्हणाली, "जावय, आधी कल्ला उघडावा, मंग पाकीट. वरची चकाकी बघून तर लोकं लग्न करतात."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मी अजून लावलेला नाही.

बायकोचं माहेर आणि मावशीचं गाव एकच, केळव्याच्या पलीकडे. नाव सांगत नाही. सासुरवाडी आहे, अजून जेवायला जायचं असतं. मावशी माणसांच्या तोंडातही कल्ल्यासारखीच बघायची. कोणी गालाला हात लावला की पाटी खाली आणि "आ कर!" आमचा वॉचमन, पोस्टमन, कोणी सुटलं नाही. मीही नाही.

"आ करा जावय. ईऽऽ, मागची दाढ किडली. कवा दाखवणार?"

"दुखली की."

"मंग दाखवायला नाय, काढायलाच जाल."

हे ती भोगून बोलायची. जळक्या तंबाखूची मिशरी हिरड्यांना घासल्याशिवाय गावातल्या बायकांचा दिवस सुरू होत नसे. मावशीचा एकेक दात हलला, ठणकला आणि सरकारी दवाखान्यात फुकट निघाला. पुढचे गेले तेव्हापासून हसू आलं की तिचा पदर तोंडावर जायचा. आणि हसू तर तिला फार यायचं. आता तिची सून मिशरी घासत होती आणि सकाळी रक्त थुंकत होती. "माजं गेलं ते गेलं," मावशी म्हणायची, "हिचं नाय जाऊ देयाची."

शाळेतल्या पोरांचे दात तपासायला डॉक्टर येत. मोठ्यांसाठी कोणी नाही. आणि खिशातले पैसे घालून नुसते दात साफ करून घ्यायला मासळीवाली कशी जाणार? मावशीनं तालुक्याच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "मी गावात येत जाईन. पण खुर्ची, औषधं, सामान पंचायतीनं करावं." पंचायतीकडे निधी होता. पण त्यातून वेशीवर कमान बांधायचं जवळजवळ ठरलं होतं.

ग्रामसभा नेहमी बाजाराच्या वेळी भरे. बायका मासळी विकायला गेलेल्या असत, त्यामुळे सभा कशी शांततेत पार पडे. त्या दिवशी बायका बाजाराला गेल्याच नाहीत. पाट्यांसकट सभेत येऊन बसल्या. मी बायकोला सोडायला गेलो होतो, तो मागे नाक धरून उभा राहिलो.

"बरफ हाय तवर ठरवा," मावशी म्हणाली. "मंग वास तुमचा."

कमानीचा आग्रह धरणारे भाऊ उठले. "मावशे, दात दुखला तर दवाखान्यात फुकट काढतात. पंचायतीनं पैसा का घालायचा?"

"पावसाळ्यात होडी वर ओढून दर साल तेल-रंग का करतोस रे? बुडायला पैसे नाय लागत. बुडव की फुकट!"

बायका खिदळल्या. भाऊंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिथेच फसले. मावशी पुढे झाली, हनुवटी धरली, "आ कर," आणि आत डोकावून सभेला निकाल सांगितला, "कल्ला काळा हाय गो बायांनो! हा बाजारात नाय खपायचा."

सरपंच आधी हसले, मग स्वतःचाच गाल चाचपू लागले. हात वर करा म्हणताच बायकांचे हात वर गेले, मागून पुरुषांचे, आणि शेवटी भाऊंचाही. मीही केला, पण जावयाला इथे मत नसतं, हे बायकोनं माझा हात खाली ओढून कळवलं. मावशी हसली. पदर हातात होता, पण तोंडावर गेला नाही. अर्धं बोळकं झालेलं ते उघडं हसू सगळ्या सभेनं पाहिलं. निवडणूक जिंकलेल्या माणसाचंही तोंड इतकं झळकताना मी पाहिलेलं नाही.

मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये दातांची खुर्ची लागली तेव्हा पहिली मावशीच बसली. "उरलेत ते तरी घासा बाय." मागोमाग सून. मिशरीची डबी सुनेनं खाडीत फेकली. सासू काठावर उभी राहून बघत होती, तेव्हा इलाजच नव्हता. कमान अजून झालेली नाही. गाव तरीही सापडतं.

मावशी आता नाही. खुर्ची मात्र दर वर्षी लागते, आणि पाटी घेऊन सून येते. परवा मी तिच्यापुढे ऐटीत कल्ला उचलला. आत लालभडक.

"बघ, शिकलो की नाही! पापलेट एकदम ताजं."

"भावोजी, ताजा हाय. पण हा हलवा हाय, पापलेट नाय."

आणि ती हसली. जिना दणाणेल असं, सगळे दात दाखवून. हसतच पाटी उचलून खाली उतरली.

मला वाटलं, आता बायको मला धारेवर धरणार. ती दारातच उभी होती, जिन्याकडे बघत.

"हिचा पदर बघितलात?" ती म्हणाली. "कमरेलाच राहिला."