अक्का लग्नाला आली नाही

माझी थोरली बहीण, आमची अक्का, बाळंतपणानंतर आजारी पडली. भिंतीतून माणसं बोलतात म्हणायची, दुधात कुणीतरी विष कालवलंय म्हणून तान्ह्या पोरीला पाजायची नाही. सासरच्यांनी तिला ताम्हिणीला आमच्या घरी आणून सोडलं आणि पोर मारुंजीला ठेवून घेतली. पुढे नवऱ्यानं दुसरं लग्न केलं.

पहिली काही वर्षं देवऋषी आणि अंगाऱ्यांत गेली. मग पुण्याच्या डॉक्टरांचं औषध लागू पडलं. आवाज थांबले. औषधानं अंग सुटलं, हात थरथरत राहिला. पण अक्का नाचणी लावू लागली, रस्त्यावरच्या ढाब्यावर भाकऱ्या थापायला जाऊ लागली. गावासाठी मात्र ती येडीच राहिली. तिनं पाणी पुढे केलं की पाहुणे आधी माझ्याकडे बघत.

गेल्या हिवाळ्यात अक्काची तीच पोर, माझी भाची, आली. हिंजवडीत नोकरी करते. अक्कानं कोंबडी केली, समोर बसून तिला जेवू घातलं. नंतर भाचीनं मला अंगणात बोलावलं.

"मामा, माझं लग्न ठरलंय. तुम्ही या. पण आईला..." ती अडखळली. "पप्पांनी मुलाकडच्यांना सांगितलंय, आई लहानपणीच गेली म्हणून. आता खरं सांगितलं तर म्हणतील, हे पोरीतही येईल."

मी चिडून काही बोलणार, तोच दारातून अक्का म्हणाली, "मी न्हाई येत. तू सुखानं ऱ्हा."

भाची तिच्या पायाशी वाकली आणि तिथंच रडत बसली. अक्कानं तिला जवळ घेतलं नाही. पदर मुठीत धरून नुसती उभी राहिली.

लग्नात नवरीला मांडवात मीच आणलं. तिच्या सासूबाई मला म्हणाल्या, "आईविना वाढलेली, पण किती गुणाची पोर!" मी मान हलवली.

घरी आलो तेव्हा अक्का चुलीपाशी होती.

"कशी दिसत व्हती?"

"लई छान."

"जाताना रडली?"

"रडली."

"कुनाच्या गळ्यात पडून?"

"माझ्या."

"बरं झालं," म्हणाली आणि तिनं माझ्यापुढे ताट सरकवलं. स्वतः जेवली नाही.

आता भाचीचा मला अधूनमधून फोन येतो. मी तो स्पीकरवर टाकतो. अक्का शेजारी बसून ऐकते, एक शब्द बोलत नाही. ती ऐकतेय, हे भाचीला कळतं की नाही, मी कधी विचारलेलं नाही.