शिमग्यापर्यंत मेजर

हरेश्वर तामोरे चहाचा कप आधी नाकाशी धरायचा, मगच प्यायचा. कामावरून आला की उंबऱ्याबाहेर उभा राहून शर्टाच्या बाह्या उलटसुलट करून बघायचा. भाताच्या टोपाचं झाकण उचलून उगाच आत डोकावायचा. स्टोव्हजवळून जाताना खाली वाकायचा, टाकीखालच्या फरशीवरून बोट फिरवायचा आणि ते बोट उजेडात धरायचा. बायकोने काहीही विचारलं, की त्याचं पहिलं उत्तर एकच. "बघू."

त्याला वास येत नव्हता.

बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात तो फिटर होता. पाइप खोलता-जोडता नाक कधी गेलं ते त्यालाही कळलं नाही. आलेवाडीत बायका नुसत्या वासावरून सांगतात, बोंबलाला अजून एक ऊन हवं की नको. त्या गावात तो असा. पहिली दोन-तीन वर्षं त्याने घरी सांगितलंच नाही. मग एका दुपारी स्टोव्हमधून रॉकेल गळून चटईखाली पसरलं. त्याच चटईवर तो झोपला होता आणि शेजारी त्याची मुलगी दमयंती. मासळी सुकवायच्या खळ्यावरून परत आलेली त्याची बायको मंजुळा दारातच ओरडली. त्याने डोळे उघडून विचारलं, "काय झालं?"

तेव्हा घराला कळलं. तेव्हापासून दमूला त्याच्याजवळ एकटं सोडताना मंजुळा दारात क्षणभर थांबायची.  

सत्त्याऐंशी सालच्या थंडीत कारखान्याच्या मेनन साहेबांची बडोद्याला बदली झाली; निघायचं होळीनंतर होतं. त्यांच्या बंगल्यावर पंप दुरुस्त करायला हरेश्वर गेला, तेव्हा त्याने मेजरला पहिल्यांदा पाहिलं. बॅसेट हाऊंड जातीचा कुत्रा. अंग लांबलचक, पाय वीतभर, कान इतके लांब की पाणी पिताना भांड्यात बुडायचे. मेजरने हरेश्वरच्या पँटला नाक लावलं. गुडघ्यापासून खाली, मग पुन्हा वर. घाई नाही. जणू वाचत होता. आपल्या अंगाला कसला वास येतो हे हरेश्वरला कित्येक वर्षांत कळलं नव्हतं. तो पाना हातात धरून तसाच उभा राहिला.

"बडोदा में तीसरे माले पे फ्लॅट है," मेनन म्हणाले. "ये सीढ़ी नहीं चढ़ेगा, कमर जाएगी इसकी. मनोर में एक वाडीवाला माँग रहा है. लेकिन तुमको चाहिए तो पहले तुम. होली तक रखके देखो. घर में सबको पूछो."

या वेळी हरेश्वर 'बघू' म्हणाला नाही.

मेजर घरी आला तेव्हा म्हातारी काशीबाई ओटीवर जाळं सांधत होती. तिने चष्मा वर केला. "हरेस, ह्यो कुत्रा हाय का घोरपड?"

"कुत्रा हाय, आये. भारी जात."

"मंग पाय इसरून आला वाटते."

मंजुळा हसली नाही. "ह्यो घरात करनार काय?"

"वास घेल."

"आन् सांगेल कोनाला?"

 रविवारी हरेश्वरने एक चिंधी रॉकेलमध्ये भिजवली आणि स्टोव्हखाली ठेवली. सगळे बघत बसले. मेजर आला, त्याने चिंधी हुंगली, एक शिंक दिली आणि सरळ सुक्या बोंबलांच्या डब्यापुढे जाऊन बसला. त्याच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. आता मात्र मंजुळा पदर तोंडाला लावून हसली. दमूने त्याच्या गळ्यात हात टाकले. हरेश्वरने चिंधी उचलून बाहेर टाकली.

"शिकेल," तो म्हणाला.

शिकण्यातला नव्हता तो. नाक खाली गेलं की मेजरचे कान बंद. हाक मारा, दोरी ओढा, तो आपला वासाच्या मागे. भुंकला तर तीन घरांपलीकडची पोरं दचकून उठायची. आणि वास म्हटला तर साऱ्या गावात खळ्याइतका वास कुठे होता?

खळं सगळ्यांचं. वरती बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले, खाली वाळूवर जवळा पसरलेला. प्रत्येक घराची जागा ठरलेली, सासूकडून सुनेला आलेली. माघाच्या एका सकाळी मेजर दोरी तोडून तिथे पोचला. त्याने खाल्लं फारसं नाही. पण नाक टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत तो शांतपणे चालत गेला. मागे त्याच्या लांब कानांनी ओढलेले दोन पट्टे राहिले, आणि कानांना जवळा चिकटलेला.

"मंजुळे," लाडकीबाय कमरेवर हात ठेवून म्हणाली. खळ्यावर तिचा शब्द चालायचा. "तुज्या नवऱ्याला सांग, कुत्र्याच्या कानांनी खळा झाडून झाला. आता लादी पुसायला पन पाठव."

बायका हसल्या. लाडकीबाय हसली नाही. "येक डाव झालं. परत आला तर तुजी जागा मी दुसऱ्याला देईन. तुज्या सासूला पन सांग."

त्या दिवशी मंजुळा जेवली नाही. "शिमग्याला काय सांगनार साहेबांना?" तिने विचारलं.

"बघू."

"खळा गेला तर मी काय बघू?"

हरेश्वर मान खाली घालून घास चावत राहिला. त्याला मासे आणि भात यांत फक्त मऊ-कडक एवढाच फरक कळायचा. मेजर त्याच्या मांडीला टेकून बसला होता आणि त्या ताटातलं सगळं त्याला कळत होतं.

शिमगा आठवड्यावर आला. रविवारी दुपारी होड्या लागल्या आणि किनाऱ्यावर बायका मासळी निवडायला बसल्या. खळं दूर होतं, वारा उलटा होता. मेजर दोरीला हिसके देत होता. गावची कुत्री तर मोकळीच फिरत होती, माशांच्या ढिगाशेजारी निवांत बसली होती. हरेश्वरने गळ्यातली गाठ सोडली.

निवडताना केंड मासा बाजूला फेकतात. फुगलेला, काटेरी, पांढऱ्या पोटाचा. त्याच्या पोटात विष असतं हे आलेवाडीत कुणी कुणाला सांगत नाही, कारण ते माहीत नसलेलं तिथे कुणी नसतं. गावची कुत्रीसुद्धा त्याला वळसा घालून जातात. पिल्लं आईच्या मागून फिरताना शिकतात. म्हणून केंड कुणी पुरत नाही. मेजर मात्र बंगल्यात दूध-बिस्किटावर वाढलेला. त्याला शिकवणारी आई समुद्रावर कधी आली नव्हती.

दमू ओरडली तेव्हा अर्धा केंड पोटात गेला होता.

हरेश्वरने त्याच्या जबड्यात हात घातला. काशीबाईने डेचकीतून मिठाचं पाणी आणलं. "वोत. समदा वोत. उलटी झाली पायजे." उलटी झाली. एकदा, दुसऱ्यांदा. लाडकीबाय जवळ आली, तिने उलटीकडे बघितलं आणि म्हणाली, "समदा नाय आला." मेजर दोन पावलं चालला. मग मागचे पाय बसले. थोड्या वेळाने पुढचेही.

जनावरांचा डॉक्टर पालघरला. रविवारी तो सापडायचा नाही, आणि तेवढा वेळही नव्हता. त्यांनी मेजरला जाळ्यात घालून चौघांनी उचललं आणि ओटीवर आणलं. तो हलत नव्हता. डोळे मात्र उघडे होते आणि ज्याच्या त्याच्याकडे फिरत होते. त्याला सगळं कळत होतं, हेच बघवत नव्हतं.

"दिवेलागनीपर्यंत श्वास चालला तर वाचेल," काशीबाई म्हणाली. "माज्या चुलत्याचा नाय चालला."

दमू रडायची थांबली आणि खांबाला धरून बसली. मंजुळाने मेजरचं डोकं मांडीवर घेतलं. दोन्ही कान तिच्या लुगड्यावर पसरले. खळ्यावर तिचे बोंबील दुसऱ्या अंगावर परतायचे होते. ती उठली नाही. मध्येच लाडकीबाय अंगणातून जाता जाता म्हणाली, "तुजे बोंबील मी परतलेत," आणि न थांबता गेली.

हरेश्वरला हात रिकामे ठेवता येईनात. त्याने आईच्या टोपलीतून सुई आणि नायलॉनचा दोरा घेतला आणि मेजरच्या जबड्याचं माप बोटांनी धरून मुसकं विणायला घेतलं. बैलाला घालतात तसं, पण जाळ्याच्या गाठीचं. एक गाठ, मग श्वासाकडे कान. छाती वर येई, थांबे, इतकी थांबे की मंजुळा त्याच्याकडे बघे. मग खाली जाई. पुन्हा गाठ. मधेच तो वाकून आपला गाल मेजरच्या नाकाशी नेई. गालाला गार काहीतरी लागे. आहे.

काशीबाईने दिवा लावला.  बऱ्याच वेळाने शेपटीचं टोक चटईवर हललं, एकदा. दमू म्हणाली, "आई, बघ."

मंजुळाने मान वळवली आणि पदराने डोळे पुसले.

होळीच्या आदल्या दिवशी मेननची जीप दारात आली. मेजर उभा राहू लागला होता. चालताना मागून थोडा झुलायचा. मेनन अंगणात थांबले. "तो हरेश्वर? क्या तय किया?"

हरेश्वर बोलायच्या आत मंजुळा पुढे आली. "ऱ्हाऊ दे म्हनावं. मी लाडकीबायला बोलून ठेवलंय. तुमी फक्त ता मुसका पुरा करा. तोंड बांदून ऱ्हाईल, मंग ना खळ्याची भीती, ना केंडाची."

सगळे हरेश्वरकडे बघू लागले. आता तो 'बघू' म्हणणार, असंच सगळ्यांना वाटलं. मेजर वाऱ्याकडे नाक करून उभा होता. नाकपुड्या हलत होत्या. किनाऱ्यावर त्या वेळी होड्या लागत होत्या.

"नाय," हरेश्वर म्हणाला.

"काय नाय?"

"अख्खा जलम वास घेयाचा आन् तोंड बांदलेला. नाय. आन् मुसका येक दिस तरी सुटनार. तवा केंड हितंच असनार." मग तो मेननकडे वळला. "साब, मनोर भेज दो. वहाँ समुंदर नहीं है."

"अवो, पन दमू..." मंजुळा म्हणाली.

"दमूला मी सांगतो."

त्याने मेजरला पोटाखालून उचललं, पाठ सरळ राहील असं, आणि जीपच्या मागच्या सीटवर ठेवलं. मेजरने त्याचा हात मनगटापासून बोटांपर्यंत सावकाश हुंगला. हरेश्वरने हात मागे घेतला नाही. ड्रायव्हरनेच शेवटी दार लावलं.

दमूला काय सांगायचं ते त्याला त्या दिवशी सुचलं नाही. ती खांबाशी बसून होती. तो तिच्याशेजारी जाऊन बसला. 

मुसकं ओटीच्या खिळ्याला तसंच राहिलं. जबडा मावेल एवढा घेर झाला होता. खालची बाजू आवळायची होती आणि मानेमागे बांधायचे बंद लावायचे होते. काशीबाईला जाळं सांधायला सुई लागली, तेव्हा तिने पुढची गाठ मारू का म्हणून विचारलं. हरेश्वरने नको म्हणून मान हलवली. मग तिने दोरा दातांनी तोडला आणि सुई तेवढी काढून घेतली.