माळ्यावर मावणारी वीज

दादाचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीच्या बाजारात भाजी घेत होतो. "शुभा गेली रे," एवढंच म्हणाला. आणि मग एकदम, "आता माणसं येतील. हॉलमधली कॉइल माळ्यावर टाकायची का?" अशा वेळी माणूस काय विचारेल याचा नेम नसतो. "राहू दे, मी आल्यावर बघू," मी म्हणालो. त्याला आता दीड महिना होत आला.

शुभावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तिने सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत केली आणि निवृत्त झाल्यावर मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरात टेस्ला कॉइल बांधायला घेतली. म्हणजे काय, तर तिच्याच शब्दांत, "घरातल्या विजेला इतकं चढवायचं की ती तारेत मावेना आणि हवेत उडी मारेल." मी इतिहास शिकवलेला माणूस, मला प्रत्येक गोष्टीमागचा हेतू लागतो. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाली, "बघायला. कॉलेजात सरांनी फळ्यावर काढली होती. फळ्यावरची वीज किती वर्षं बघायची, भाऊजी?"

दादाने एकच अट घातली. गणपतीत पाहुणे आले की ते यंत्र माळ्यावर गेलं पाहिजे. वहिनीने ती अट गंभीरपणे घेतली. स्टुलावर चढून माळ्याची उंची मोजली आणि तिथूनच कॉइलची आखणी सुरू झाली. परदेशातले लोक म्हणे आधी ठिणगी किती लांब हवी ते ठरवतात. मुंबईत आधी माळा. त्या उंचीवरून, ज्यावर तार गुंडाळायची त्या पाइपाची लांबी, लांबीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी रुंदी, आणि मग तारेची जाडी. तार जाड घेतली तर वेढे कमी बसतात, फार बारीक घेतली तर हातातच तुटते. हिशेब हजार वेढ्यांच्या आसपास येऊन थांबला. हे सगळं वरच्या कॉइलचं, म्हणजे सेकंडरीचं. खालची, मोजक्या जाड वेढ्यांची, प्रायमरी. "सेकंडरी म्हणजे झोपाळा," ती मला समजवायची. "त्याची लय त्याची ठरलेली. खालच्या कॉइलने त्याच लयीत धक्का द्यायचा. म्हणून आधी सेकंडरी पक्की करायची आणि बाकीच्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं." दादा पेपरातून मान वर न करता म्हणाला, "आमच्या घरात तीच पद्धत आहे."

गुंडाळण्याचं काम मात्र दोघांनी मिळून केलं. दोन स्टुलांमध्ये दांड्यावर पाइप आडवा ठेवलेला. दादा तो हळूहळू फिरवायचा आणि वहिनी अंगठ्याने तार वेढ्याला वेढा लावत जायची, मध्ये फट नाही, एकावर एक चढणं नाही. मी बेल वाजवली की आतून आवाज, "दार उघडंच आहे! भाऊजी, चहा तुम्हीच टाका. आमचाही." हात सोडला तर तार सैल पडते. त्या महिन्यात मी त्या घरात जेवढा चहा केला तेवढा स्वतःच्या घरात कधी केला नसेल.

सोसायटीच्या सेक्रेटरींना याचा सुगावा लागला आणि तिथून समारंभ सुरू झाला. सोसायटीचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता. त्यांनी परस्पर फलक छापून आणला: 'मुलुंडची विद्युत्‌शक्ती, सौ. शुभाताई'. वर वहिनीचा फोटो, त्यापेक्षा मोठा सेक्रेटरींचा, सर्वांत मोठा प्रमुख पाहुण्यांचा. महोत्सवात कॉइल चालवून दाखवायची आणि बटण पाहुण्यांनी दाबायचं, हेही त्यांनीच ठरवलं. वहिनी म्हणाली, "शक्ती वगैरे लिहा हवं तर, पण बटणाला कुणी हात लावायचा नाही."

महोत्सवाला आठवडा उरला असताना गुंडाळणं संपलं. वॉर्निश लावण्याआधी वहिनीने पाइप मांडीवर घेतला आणि खालून वर नख फिरवलं. कंगव्यावरून फिरवल्यासारखा एकसारखा बारीक आवाज... आणि मध्यावर किंचित अडखळला. तिने परत फिरवलं. परत तिथेच.

"तार तारेवर चढलीय. वरचा मुलामा खरवडला असेल तर दोन वेढे एकमेकांना चिकटतील आणि वीज मधूनच आडवाट धरेल."

"कुणाला कळणार आहे वहिनी? वॉर्निश मार."

"कॉइलला कळेल ना."

"मग अर्ध्यापर्यंतच उलगड."

"खरवडलेला तुकडा कापावा लागेल, म्हणजे मधोमध जोड आला. मला जोड नकोय." मग दादाकडे वळून, "अहो, उलटं फिरवा."

दादा पाइप परत दांड्यावर चढवून उलटं फिरवायला लागला. त्या क्षणी मला आमच्या घराण्याबद्दल जेवढा अभिमान वाटला तेवढा वंशावळ वाचूनही वाटला नव्हता.

महोत्सव कॉइलशिवाय झाला. पाहुणे विज्ञानावर बोलले, मुख्यतः स्वतःच्या. सेक्रेटरींनी माइकवरून सांगितलं, "ताईंचं यंत्र काही तांत्रिक अडचणींमुळे जमलं नाही." 'जमलं नाही' हे नंतर जिन्यात, लिफ्टमध्ये, किराणावाल्याकडे वहिनीला भेटत राहिलं. तळमजल्यावरच्या बाईंनी तर विचारलं, "आता त्या पाइपाचं काय, गच्चीच्या टाकीला लावणार?" वहिनी हसली. घरी येऊन मात्र मला म्हणाली, "भाऊजी, ही नाही चालली तर मी खरंच टाकीला लावीन हो." तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून नवी तार आली. पुन्हा दोन स्टुलं, पुन्हा माझा चहा. मग एका रविवारी संध्याकाळी, सोसायटीच्या हॉलमध्ये, ना फलक ना माइक. इमारतीच्या अर्थिंगवर भरवसा नसल्याने तिने बागेत स्वतंत्र सळई ठोकून घेतली होती. सगळ्यांना लांब बसवलं आणि माझ्या हातात एक निकामी ट्यूबलाइट दिली, कुठलीच वायर न जोडलेली. "घाबरू नका, नुसती धरा." दिवे घालवले. बटण तिनेच दाबलं. कॉइलच्या माथ्यावरून जांभळ्या फांद्या हवेत फुटल्या, तापलेल्या तेलात मोहरी पडावी तसा तडतडाट, आणि माझ्या हातातली ट्यूब लख्ख पेटली. सेक्रेटरी म्हणाले, "आयला!" त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव मनापासूनचं भाषण. वहिनी विजेकडे बघतच नव्हती. ती एकेकाचा चेहरा बघत होती.

परवा दादाकडे गेलो. "टाकू या वर," तो म्हणाला. वरचं अ‍ॅल्युमिनियमचं कडं काढलं, दोघांनी मिळून कॉइल उचलून माळ्यावर उभी केली. छताखाली बोटभर जागा उरली. इतक्या वर्षांत ती एकदाही वर गेली नव्हती. गणपतीतले पाहुणेच तिच्याशेजारी अंग चोरून बसायचे.

"बरोब्बर मावते रे," दादा म्हणाला. स्टुलावर उभा राहून त्याने त्या फटीत बोट सरकवलं. "बघितलं. आता घे खाली."

खाली ठेवल्यावर त्याने पातळ वॉर्निशखालच्या तारेवरून नख फिरवलं, पायापासून माथ्यापर्यंत. आवाज कुठेच अडखळला नाही.