खतातले पांढरे खडे

खायच्या सोड्यावर लिंबू पिळलं की तो फसफसतो आणि माझं डोकं फिरतं. कांदिवलीच्या आमच्या सोसायटीत मी दोन वर्षं जांभळाचा पालापाचोळा कुजवून काळंभोर खत केलं होतं. त्यात बारीक पांढरे खडे दिसले, तसे सेक्रेटरी काका म्हणाले, "कुणीतरी चुना टाकलाय गं यात, झाडं मरतील." मी समजावलं की पानं कुजताना निघणारा वायू आणि मातीतलं कॅल्शियम मिळून हे खडे आपोआप बनतात, आणि चुना असता तर फसफसला नसता, असं सांगून पुरावा म्हणून खड्यांवर लिंबू पिळलं. खडे फसफसले. "बघ, केमिकलच आहे हे," म्हणत काकांनी सगळं खत कचऱ्याच्या गाडीत घातलं. परवा त्यांनी विकतच्या खताची पिशवी आणली आणि तिच्यावरचं 'कॅल्शियमयुक्त' मलाच वाचून दाखवलं.