जांभळा डाग

गुरांच्या दवाखान्यात किस्से कुणी सांगत नाही, ते दोरीला बांधून आणले जातात. एक सोडवावा तोवर दुसरा दारात हंबरतो! मूल गावाजवळच्या आमच्या दवाखान्यात मी लेझर मशीन आणलं, तेव्हापासून तर रांगच लागली.

बंगळुरूला जनावरांची डॉक्टरकी शिकून मी हट्टाने इकडे परत आले. सुई नाही, चिरा नाही, नुसत्या प्रकाशाने मुक्या जनावराचं दुखणं कमी करायचं, या कल्पनेने मी भारावले होते.

*

पहिली पेशंट ताराबाईंची बकरी. लेझर चालू असताना डोळे जपावे लागतात. मलमपट्टी करणारे आमचे ड्रेसर गौतमभाऊ यांनी सगळ्यांना काळे गॉगल वाटले.

"आन् माह्या बकरीले काऊन नाई?"

तिच्या मापाचा गॉगल नव्हता. ताराबाईंनी तिच्या डोळ्यांवर पदर धरला. बकरी इतकी शांत, की मी खूश! मशीन बंद केलं, पदर काढला, तर अर्धाच निघाला; उरलेला बकरी चघळत होती!

*

मग आले देवरावभाऊ. त्यांचा बैल पाखऱ्या बांधावरून घसरला आणि मागच्या पायाचा सांधा सुजला. धानाची रोवणी तोंडावर आलेली. एका बैलाने चिखलणी कशी होणार? मी औषध, विश्रांती आणि रोज लेझर सांगितलं.

पायावर हात फिरवून त्यांनी विचारलं, "डाग कुठी हाय?"

इकडे सुजलेल्या पायाला तापलेल्या लोखंडाचा डाग देतात. मी पेशी, प्रकाश, रक्तपुरवठा असं वीस मिनिटं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे टॉर्च मारला!"

*

चौथ्या दिवशी बैल आलाच नाही. मी आणि गौतमभाऊंनी गाडी काढली.

देवरावभाऊंच्या अंगणात पाखऱ्या पाय बांधून आडवा पाडलेला. गोवऱ्यांच्या आगीत सळई लाल. डाग देणारे सोमाभाऊ बाह्या वर करत होते.

"भाऊ, थांबा! सांधा जळाला तर हा पुन्हा उभा राहणार नाही!"

"तीन दिवस थांबलो नं म्याडम!" देवरावभाऊंचा आवाज फाटला. "सूज तशीच हाय. खुणेबिगर दुखणं जाते काय?"

सोमाभाऊंनी सळई उचलली. मी बैलाच्या पायावर हात ठेवला. काढायचा नाही, एवढंच ठरवलं. बोटांना धग लागत होती.

गौतमभाऊ हळूच खाली बसले. जखमेला लावायचं जांभळं औषध काढलं, कापूस बुडवला आणि सांध्यावर फुली ओढली.

"हा आमचा डाग. आठ दिवस पाहा."

सोमाभाऊंनी वाकून फुली पाहिली.

"तिरपा हाय."

सळई बाजूला ठेवून त्यांनी कापूस घेतला आणि रेघ सरळ केली.

*

मग रोज लेझर, वर रोज फुली. सूज उतरली का, ते मी रोज सांधा चाचपून पाहायची.

आठव्या दिवशी पाखऱ्याला धानाच्या बांधीत नेलं. त्याने पाय उचलूनच धरला. देवरावभाऊंनी दोर सैल सोडला, डोळे मिटले. पाय चिखलात टेकला. मग त्यावर भार. मग पुढचं पाऊल!

मी रडायच्या बेतात, तोच मागून सोमाभाऊ म्हणाले, "रेघ सीधी कोनं केली होती?"

*

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच सोमाभाऊ दारात. सोबत त्यांची स्वतःची लंगडणारी गाय. आत आले, जांभळ्या औषधाची बाटली हातात घेतली आणि मला म्हणाले,

"म्याडम, डाग मी देतो. तुमी फक्त उजेड पाडा!"