रोजीची होडी आणि मी

“आई, मावशी गेली,” जेनी फोनवर म्हणाली आणि मी विचारलं, “कुठे?” खरंच, तसंच विचारलं. सकाळची वेळ होती, मी नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत केळीची वाळलेली पानं काढत होते, आणि रोजी गेली म्हणजे होडी घेऊन खाडीत गेली, यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलंच नाही. जेनी नुसती रडत राहिली... मग उमगलं. रोजी माझी पाठची बहीण, जेनी माझी एकुलती एक मुलगी. जेनी त्या वेळी इस्पितळात रोजीच्या खाटेशेजारी उभी होती. रोजीचं दुखणं कित्येक महिन्यांचं होतं, तपासण्यांना तिला जेनीच घेऊन जात होती आणि यातलं मला काहीही माहीत नव्हतं. “आईला सांगायचं नाही,” असं रोजीनं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. बहीण गेल्याचं दुःख झालंच. पण सगळ्यांत आधी जे टोचलं, ते दुःख नव्हतं. तो हेवा होता. जातानाही तिनं माझ्या मुलीचाच हात धरला होता.

आमचं माहेर वसईच्या किनाऱ्यावरचं, कोळीवाड्यातलं. बाबांना आम्ही दोघी मुलीच. मोठी मी, म्हणून मला वाटायचं, बाबा होडीवर न्यायचे झाले तर मलाच नेतील. पण मी अभ्यासात बरी निघाले. शाळेतल्या बाईंनी घरी येऊन सांगितलं की या मुलीला शिकवा, आणि बाबांनी त्याच दिवशी वाटणी करून टाकली. “लीना शाळेत जाईल. रोजीला मी बघतो.” गावातल्या बायका मासळी विकायच्या, जाळी विणायच्या, पण बाईमाणूस होडीवर जात नसे. रोजी गेली. पहाटे बापलेक निघायचे तेव्हा मी कंदिलापाशी भूगोलाचं पुस्तक घेऊन बसलेली असायचे. परत आले की दोघांच्या अंगाला सारखाच वास, खारा, पेट्रोलचा. जेवताना दोघं आपापसांत बोलायचे... आज मशीन कुठं अडखळलं, वारा कुठून फिरला. मी काही विचारलं की बाबा म्हणायचे, “तू शिक गो, तुला काय करायचंय हे?” ते कौतुकानं म्हणायचे हे मला कळायचं. पण त्या कौतुकात दार लावून घेतल्याचा आवाज असायचा.

मी शिक्षिका झाले, नंदाखालच्या बागायतदार घरात लग्न करून गेले. सासरी विहीर होती, नारळ होते, केळी होती, समुद्र नव्हता. रोजीनं लग्न केलं नाही. बाबा गेल्यावर त्यांची होडी तिच्याकडे राहिली, तशी ती राहणारच होती, कुणी विचारलंसुद्धा नाही. लाकडी होडी जाऊन पुढे फायबरची लहान होडी आली, मागच्या फळीला टांगायचं इंजिन आलं. एकटी बाई इंजिन खांद्यावर टाकून धक्क्यावर जाते, हे बघायला सुरुवातीला लोक थांबायचे. मग सवय झाली. मग अभिमान वाटायला लागला. मी माहेरी गेले की बाजारातल्या बायका मला ओळखायच्या त्या ‘रोजीची बहीण’ म्हणून. आयुष्यभर मुलांना शिकवलं मी, पण माझ्या गावात माझं नाव एवढंच.

जेनी मोठी झाली आणि तिलाही तो नाद लागला. विरारला फ्लॅट घेतला, मुंबईत नोकरी, आठवडाभर एसीत बसून काम. आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की आमच्याकडे जेवायला येण्याऐवजी मावशीकडे. मी शेवळाची भाजी करून वाट बघायची आणि बाईसाहेबांचा फोन यायचा, “आई, मशीन खोललंय, आज नाही जमत.” तिच्या नखांत काळं ग्रीस दिसायचं. मी म्हणायचे, साबण लावून नीट धू. ती हसायची, अगदी रोजीसारखी, खालचा ओठ दाताखाली धरून. पोटची पोर माझी, आणि हसू तिचं...

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी जेनी हट्टाला पेटली, “आई, एकदा तरी चल.” मी गेले. रोजीनं मला हात देऊन होडीत घेतलं, पुढच्या फळीवर गोधडी घालून बसवलं, पाहुणीला बसवावं तसं. आम्ही खाडीच्या तोंडाबाहेर गेलो. समुद्र शांत होता. मला छान वाटत होतं आणि छान वाटतंय याचा रागही येत होता. परतायला वळलो तोवर ओहोटी लागली होती, खाडीचं पाणी जोरानं बाहेर येत होतं. वेग वाढवायला रोजीनं इंजिनाची मूठ पिळली. इंजिन सुरू होतं, पण होडीला जोर नव्हता. किनाऱ्यावरचा चर्चचा मनोरा मी बघत होते, तो जवळ यायच्या ऐवजी हळूहळू लांब चालला होता.

आठवडाभर पेट्रोलच्या नळीनं रोजीला सतावलं होतं, त्यामुळे तिचं डोकं तिथंच अडकलं. तिनं टाकीच्या झाकणावरची हवेची चावी उघडी आहे का बघितलं, नळीतला रबरी फुगा दाबला. तो कडक होता, म्हणजे पेट्रोल येत होतं. जेनी म्हणाली, “मावशी, प्लग?” रोजीनं इंजिन बंद केलं. आम्ही वाहायला लागलो, म्हणून तिनं आधी नांगर टाकला. मग प्लग काढले, पुसले, परत बसवले. रोजी न बघता हात मागे करायची आणि जेनी तिच्या हातात नेमका तो पाना ठेवायची. एक शब्द बोलावा लागत नव्हता. भीती मला वाटतच होती, पण मी बघत होते ते त्यांचे हात. बाबा आणि रोजी असेच असणार... आणि मी तेव्हाही कंदिलापाशी, आताही गोधडीवर.

पुन्हा इंजिन सुरू झालं. रोजीनं मूठ पूर्ण पिळली. केवढा आवाज! आणि नांगराचा दोर जराही सैल पडला नाही. मला राहवलं नाही. मी ओरडले, “अगं, इंजिन एवढं ओरडतंय, तर मग होडीच का जात नाही?”

रोजी थांबली. तिनं माझ्याकडे वळून बघितलं. “परत बोल.”

“तुम्ही इंजिनात बिघाड शोधताय. पण ते तर नेहमीपेक्षा जोरात ओरडतंय.”

“बाय,” ती म्हणाली, “बरोबर हाय तुजं. मशीन चांगलंय गो. पंखाच फिरत नाय.”

तिनं इंजिन बंद करून वर उचललं. पंख्याला प्लास्टिक, जाळं काही गुंडाळलेलं नव्हतं. पंख्याच्या मधोमध एक रबर असतं, दांडा त्याच्यामार्फत पंख्याला फिरवतो. ते रबर सुटलं की दांडा आत गरागरा फिरतो आणि पंखा मागे राहतो, असं तिनं मला सांगितलं. मला, जेनीला नाही. खात्री करायला खूण करायची होती. माझ्या पर्समध्ये मार्कर होता, शिक्षिकेची खोड. तिनं ओढणीनं पंखा कोरडा केला, आणि मला म्हणाली, “तूच काढ.” मी होडीच्या मागच्या कडेवर पालथी पडून मधल्या कड्यापासून पंख्यापर्यंत एक सरळ लाल रेघ ओढली. इंजिन खाली सोडलं, जोरात फिरवलं, परत वर घेतलं. रेघ तुटली होती. एक तुकडा इकडे, एक पार तिकडे. रोजीनं माझ्या पाठीवर ओली थाप मारली. बाबांची थाप कशी असेल, याचा मी आयुष्यभर अंदाज करत आले होते. ती तशीच असावी.

जोर केला की रबर घसरत होतं, हळू चालवलं तर धरत होतं. म्हणून किनाऱ्याच्या कडेनं, जिथं पाण्याची ओढ कमी, तिथून अगदी मंद निघालो. मूठ जेनीकडे देऊन रोजी माझ्या शेजारी येऊन बसली. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, “बाबांनी होडी तुला दिली.”

“दिली कुठं? मीच धरून बसली.” मग ती म्हणाली, “तुला हवी होती?”

“हो.”

“मग एकदा तरी मागायचीस.”

“दिली असतीस?”

तिनं विचार केला. खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. “नाय,” ती म्हणाली. “पन तू मागितली असतीस ना, तर मला लय बरं वाटलं असतं.”

आम्ही दोघी हसलो. जेनीनं मागून विचारलं, काय झालं? रोजी म्हणाली, “तुज्या आयसला विचार,” आणि मी काही सांगितलं नाही. तेवढं एक तरी जेनीला कळू नये, आमच्या दोघींचं राहावं, असं मला वाटलं.

त्यानंतरही मी तिच्याकडे वारंवार गेले असं नाही. वाडीची कामं, गुडघे, कारणं पुष्कळ. दुखणं का लपवलंस, हे विचारायची वेळ तिनं दिली नाही. जेनीला मी विचारलं. ती म्हणाली, “मावशी म्हणायची, लीना आली की रडेल, आणि ती रडली की मला नाही जमत.” म्हणजे जेनीनं रडलेलं चालत होतं, माझं नाही. यात मी कुठे होते, जवळ की लांब, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

होडी आणि इंजिन रोजीनं जेनीला दिलं. रोजीला जाऊन महिना झाल्याची मिस्सा झाली, त्या दुपारी आम्ही मायलेकी कोळीवाड्यात रोजीच्या घरी गेलो. समुद्रावरून आलं की इंजिन गोड्या पाण्यात चालवून आतलं मीठ धुवायचं, हा रोजीचा नेम; महिनाभर पडून राहिलेलं इंजिन आम्हीही तसंच चालवून बघणार होतो. परसात तिचा निळा पिंप अजून तसाच आहे. जेनी त्यात विहिरीचं पाणी भरत होती, मी तिला बादल्या देत होते. मग ती हातपाय धुवायला आत गेली आणि इंजिनापाशी मी एकटीच राहिले. इंजिन सुरू करायची दोरी मी ओढली. सुरू झालं. पाणी उसळलं, पेट्रोलचा तो वास आला आणि परसभर आवाज घुमला. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या म्हाताऱ्या मारियामावशींनी, सवयीनंच असेल, हाक मारली, “रोजी, आलीस गो?”

मग त्यांनाच आठवलं असावं. गेल्यावरही हाक तिलाच... माझा जीव जळला, आणि डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही एकदमच. इंजिनाच्या वर आवाज चढवून, नंदाखालला गेल्यापासून न बोललेल्या आमच्या घरच्या बोलीत मी उत्तर दिलं, “नाय गो मावशी. मी हाय. लीना.”

“लीना?” मावशी कुंपणाशी आल्या. इंजिनाच्या आवाजासरशी सवयीनं भरून घेतलेली एक ताटली त्यांनी पुढे केली, वर रुमाल झाकलेली. “घे. ती समुद्रावरनं आली का भुकेली असायची.”

मी ओले हात साडीला पुसले आणि ताटली घेतली.